वुजूचे पाणी कोठून येते?

मे महिना संपत आला की मुंबईच्या वर्तमानपत्रांत रोज एक लहानसा तक्ता येतो. अप्पर वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार, तुळशी. सात नावे आणि प्रत्येकासमोर उरलेल्या पाण्याचा आकडा. कुर्ल्यात आमच्या घरी हा तक्ता सोन्याच्या भावाआधी वाचला जातो. आमच्या चाळीत पाणी पहाटे येते. कपात सुरू झाली की फज्रच्या कितीतरी आधी उठून पिंप भरावे लागते, आणि पिंप भरले नाही तर दिवसभराच्या वुजूचा, स्वयंपाकाचा आणि भांड्यांचा हिशेब कोलमडतो.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. मुलांना मराठी धड्यांपेक्षा मराठी बातम्या लवकर समजतात, हा आमचा जुना अनुभव. म्हणून एका उन्हाळ्याच्या तोंडावर सातवीच्या वर्गात हाच तक्ता फळ्यावर लिहिला आणि प्रश्न विचारले. सर्वांत मोठे धरण कोणते? भातसा. सर्वांत लहान तलाव? तुळशी. इथवर सगळे ठीक. तुळशी आहे कोठे, असे विचारल्यावर एकाने पनवेल सांगितले, एकाने नाशिक, आणि एका मुलीने आत्मविश्वासाने लोणावळा. तुळशी मुंबईतच आहे, बोरिवलीच्या नॅशनल पार्कात, हे चाळीसपैकी एकालाही माहीत नव्हते. विहारही तिथलाच. आपण ज्या जंगलात सिंह बघायला जातो त्याच जंगलात आपल्या पिण्याच्या पाण्याचे दोन तलाव आहेत, हे त्यांना खरे वाटेना.

शिक्षकांच्या खोलीत ही गोष्ट निघाली तेव्हा आमच्या एका सहकाऱ्यांनी कागद-पेन घेतले. ते गणित शिकवतात. विहारची क्षमता २७,६९८ दशलक्ष लिटर, तुळशीची ८,०४६. दोन्ही मिळून ३५,७४४. मुंबईला रोज सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी लागते. म्हणजे दोन्ही तलाव काठोकाठ भरले तरी नऊ दिवसांचे पाणी. "नऊ दिवसांच्या पाण्यासाठी एवढे मोठे जंगल राखायचे?" ते म्हणाले. "तेवढ्या जागेत किती घरे झाली असती, हिशेब करा."

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आमच्या ओळखीत लग्न ठरूनही घर मिळत नाही म्हणून निकाह पुढे ढकललेली मुले आहेत. दलालाला नाव सांगितले की खोली 'नुकतीच गेली' असे ऐकून परत येणारी माणसे तर आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसे झोपणाऱ्या शहरात सुमारे १०४ चौरस किलोमीटर जंगल मोकळे का, असे कोणी विचारले तर त्याला निसर्गाचे शत्रू म्हणून गप्प करता येत नाही. त्याला उत्तर द्यावे लागते. ते उत्तर शोधता शोधता आम्ही बरेच शिकलो, म्हणून हा लेख.

आधी थोडा इतिहास. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबईला नळ नव्हते. लोक विहिरींचे आणि तळ्यांचे पाणी पीत. क्रॉफर्ड मार्केटजवळची जामा मशीद १८०२ साली पूर्ण झाली, तीसुद्धा एका जुन्या तळ्यावर बांधलेली आहे. आजही मशिदीच्या खालच्या भागात तो हौज आहे आणि त्यात मासे फिरताना दिसतात. ज्यांनी तिथे वुजू केले आहे त्यांना जुनी मुंबई पाणी कसे वापरत असेल याचा अंदाज येईल. पुढे वस्ती वाढली, पावसाने दगा दिला की तळी आटू लागली आणि १८५० नंतरच्या काही वर्षांत शहराची फार तारांबळ उडाली. तेव्हा हेन्री कॉनीबेअर या इंजिनिअरच्या योजनेप्रमाणे साष्टीच्या डोंगरात, मिठी नदीच्या वरच्या अंगाला बांध घालून विहार तलाव तयार झाला. काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६० मध्ये मुंबईला पहिल्यांदा नळाचे पाणी मिळाले. तेवढे पुरेना म्हणून १८७९ पर्यंत तुळशी झाला. मग १८९२ मध्ये तानसा, आणि तिथून शहराची तहान दूर दूर जात राहिली.

या यादीत आणखी एक नाव आहे, पण ते वर्तमानपत्राच्या तक्त्यात येत नाही. पवई. विहारपासून अगदी जवळ, खालच्या बाजूला, १८९१ च्या सुमारास हाही पिण्याच्या पाण्यासाठीच बांधला होता. पण त्याचे पाणी पिण्याच्या लायकीचे ठरले नाही आणि योजना सोडून द्यावी लागली. आज पवईच्या काठावर उंच इमारती आहेत, पाण्यावर जलपर्णीची हिरवी चादर असते आणि सांडपाणी तलावात येते म्हणून वर्षानुवर्षे तक्रारी चालू आहेत. विहारचे पाणी मात्र १६० वर्षांनंतरही शहर पिते. पवई मुळातच कमनशिबी तलाव होता, त्यामुळे ही तुलना तंतोतंत न्याय्य नाही, हे कबूल. तरीही एकाच आभाळाखालचे, एकाच पावसाचे हे दोन शेजारी तलाव बघितले की फरक डोळ्यांत भरतो. एकाभोवती जंगल आहे, दुसऱ्याभोवती माणसे आहेत.

जंगल पाण्यासाठी नेमके काय करते, हे मुलांना दाखवायचे होते. प्रयोग सोपा आहे, घरीही करता येईल. पाण्याच्या दोन मोठ्या रिकाम्या बाटल्या आडव्या ठेवून वरची बाजू कापली आणि दोन्हींत सारखीच माती भरली. एकीत मेथीचे दाणे पेरले, दुसरी तशीच ठेवली. बारा दिवसांनी मेथी चांगली दाट उगवली. मग दोन्ही बाटल्या तिरक्या धरून, तोंडाखाली काचेचे पेले ठेवून, झारीने सारखे पाणी ओतले. उघड्या मातीच्या पेल्यात दूध कमी घातलेल्या चहासारखे गढूळ पाणी धो धो उतरले. मेथीच्या पेल्यात पाणी उशिरा आले, थेंब थेंब आले आणि बरेचसे स्वच्छ आले. वर्ग थोडा वेळ गप्प झाला. मग एकाने विचारले, ती मेथी आता घरी नेता येईल का. नेली.

डोंगरावर हेच मोठ्या प्रमाणात घडते. मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. तो उघड्या उतारावर पडला तर माती घेऊन सरळ तलावात जातो. झाडांची पाने त्याचा मार झेलतात, खालचा पालापाचोळा त्याला अडवतो, मुळांच्या वाटेने तो जमिनीत मुरतो आणि हळूहळू पाझरत राहतो. पाऊस थांबल्यावरही ओढे काही काळ वाहतात ते त्यामुळे. आणि गाळ. याचा विचार सहसा कोणी करत नाही. तलावाची क्षमता कागदावर तीच राहते, पण तळाशी दरवर्षी चिखलाचा थर बसत गेला तर पाण्याची जागा माती घेते. मग धरण उभेच असते, आतले पाणी तेवढे कमी झालेले असते. जंगलाभोवतीचे कुंपण म्हणजे खरे तर तलावाच्या भिंतीचाच एक भाग समजायला हवा.

गणिताच्या सरांना आम्ही दुसरा हिशेब दिला. दोन्ही तलावांतून शहराला रोज सुमारे १०८ दशलक्ष लिटर पाणी मिळते, विहारमधून ९० आणि तुळशीतून १८. माणशी रोज १३५ लिटर हे सरकारी प्रमाण धरले तर हे आठ लाख लोकांचे पाणी झाले. आमच्या कुर्ल्यासारख्या भल्यामोठ्या वस्तीचे. शिवाय हे पाणी शंभर किलोमीटरवरून आणावे लागत नाही, ते उशाशीच आहे. आणि आपण कुर्लेकर, आपल्याला तर आणखी एक कारण आहे. मिठी नदी विहार आणि पवईच्या सांडव्यापासून सुरू होते आणि सुमारे १८ किलोमीटर वाहून माहीमच्या खाडीला मिळते. वाटेत आपले घर आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा पाणी कोठवर चढले होते, हे आमच्या चाळीच्या जिन्यावर अजून खुणेने दाखवतात. तेवढा पाऊस कोणतेच जंगल पिऊ शकत नाही. पण वरच्या डोंगरावर जंगलाऐवजी सिमेंट असते तर ती खूण कितव्या पायरीवर असती, एवढे विचारायला हरकत नाही. सरांनी कागद घडी करून खिशात ठेवला. "घरांचे काय, ते राहिलेच," एवढे मात्र म्हणाले. ते खरेच राहिले आहे, त्याकडे पुढे येतो.

जानेवारीत मुलांना घेऊन नॅशनल पार्कात गेलो. अनेकांची कल्पना होती की तलाव बघायला मिळेल, होड्या असतील, भेळ खायला मिळेल. विहार आणि तुळशी बघायला मिळत नाहीत. पिण्याच्या पाण्याचे तलाव म्हणून तिथे सामान्य लोकांना जाता येत नाही, आणि ते योग्यच आहे असे आमचे मत आहे; आपली सहलीची सवय आपल्याला माहीत आहे, मागे काय काय टाकून येतो तेही माहीत आहे. मुले हिरमुसली. एका मुलाने गेटवरच्या पहारेकऱ्यांना थेट विचारले, "चाचा, आम्हाला परवानगी नाही, मग बिबट्याला आहे?"

"तो इथला जुना रहिवासी आहे," ते म्हणाले. "त्याच्याकडे पुरावा मागत नाहीत."

सगळे हसले. आमच्यातली एक मुलगी हसली नाही. तिचे कारण आम्हाला नंतर कळले.

तलाव दिसला नाही, पण कान्हेरीला पाणी दिसले. तिथे काळ्या कातळात शंभराहून अधिक लेणी आहेत, बौद्ध भिक्खू तिथे हजारभर वर्षे राहत होते. मुलांना मूर्तींपेक्षा टाक्या जास्त आवडल्या. बहुतेक लेण्यांच्या दाराशी कातळात खोदलेले टाके आहे, त्याला पोढी म्हणतात. डोंगरावर पडलेला पाऊस कातळात कोरलेल्या लहान चरांमधून त्यात उतरतो. तिथल्या शिलालेखांत कल्याणसारख्या गावांच्या व्यापाऱ्यांनी लेणी आणि पोढी दान दिल्याच्या नोंदी आहेत. हे ऐकल्यावर एक मुलगी म्हणाली, "म्हणजे सदका-ए-जारिया!" धर्म वेगळा, काळ वेगळा, पण तिने नेमके ओळखले. मदीनेत रूमाची विहीर हजरत उस्मान (रजि.) यांनी स्वतःच्या पैशाने विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली, हे आपल्या घराघरांत सांगितले जाते. माणूस जातो आणि लोक पाणी पीत राहतात. हे दान ज्याला समजले त्याला कान्हेरीचे टाके परके वाटण्याचे कारण नाही.

विहीर दान करता येते. पण विहिरीला पाणी जिथून येते तो डोंगर? त्याचे रक्षण कोणी करायचे? याचाही विचार आपल्याकडे फार पूर्वी झालेला आहे, फक्त आपण तो मुलांना सांगत नाही. त्या व्यवस्थेचे नाव हिमा. हिमा म्हणजे राखलेली जमीन. इस्लामपूर्व अरबस्तानात बलाढ्य सरदार उंचवट्यावर कुत्रा भुंकवत आणि त्याचा आवाज जाईल तिथवरचे कुरण आपले म्हणून राखत, असे सांगतात. इतरांच्या जनावरांना तिथे पाय ठेवता येत नसे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ही रीत मोडली. यापुढे हिमा कोणा एकाच्या मालकीसाठी नसेल, असेल तर ती अल्लाह आणि त्याच्या रसूलसाठी, म्हणजे सर्वांच्या हितासाठी, असे ठरले. मदीनेजवळचे नकीअ हे कुरण घोड्यांसाठी राखले गेले. खुद्द मदीनेच्या दोन्ही बाजूंच्या काळ्या दगडी पठारांमधला भाग हरम ठरवून तिथे झाडे तोडायला आणि शिकार करायला मनाई झाली.

आम्हाला यातला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग हजरत उमर (रजि.) यांच्या काळातला वाटतो. त्यांनी हुनै नावाच्या आपल्या माणसाला राखीव कुरणावर नेमले आणि त्याला जे बजावले त्याचा आशय असा. लोकांशी नरमाईने वाग आणि पीडिताच्या बददुआची भीती बाळग. ज्याच्याकडे मोजके उंट आणि मोजक्या मेंढ्या आहेत त्याला आत येऊ दे. अब्दुर्रहमान बिन औफ आणि उस्मान बिन अफ्फान यांचे मोठे कळप मात्र बाहेर ठेव; त्यांची जनावरे मेली तरी त्यांना खजुरीच्या बागा आणि शेती आहे. गरिबाची जनावरे मेली तर तो बायकामुलांना घेऊन माझ्या दारात येईल आणि मला त्याला सोने-चांदी द्यावी लागेल. त्यापेक्षा गवत आणि पाणी देणे मला सोपे आहे.

हे दोघे कोण होते ते लक्षात घ्या. प्रेषितांचे निकटचे साथी, ज्यांना जन्नतची खुशखबर मिळालेली अशा दहांमधले. त्यांच्या दानतीविषयी कोणालाच शंका नव्हती. तरी त्यांचे कळप बाहेर आणि अनोळखी धनगराच्या चार मेंढ्या आत. जमीन राखायची म्हणजे तिला कुंपण घालायचे, एवढ्यावर काम संपत नाही. कुंपणाचे दार कोणासाठी उघडायचे आणि कोणासाठी बंद ठेवायचे, खरी कसोटी तिथे लागते.

आता त्या न हसलेल्या मुलीकडे येतो. पालकसभेला तिची आई आली तेव्हा सहलीचा विषय निघाला. त्या म्हणाल्या, आमची झोपडी त्याच जंगलाच्या कडेला होती. १९९५ मध्ये जंगलातील अतिक्रमणांविरुद्ध उच्च न्यायालयात याचिका झाली, १९९७ मध्ये ती हटवण्याचे आदेश निघाले, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत हजारो झोपड्या पाडल्या गेल्या. ज्यांचे नाव १ जानेवारी १९९५ पूर्वीच्या मतदारयादीत होते त्यांना सात हजार रुपये भरून चांदिवलीला पर्यायी घर मिळण्याची सोय होती. या बाईंच्या सासऱ्यांचे नाव यादीत होते. धाकट्या दिराचे नव्हते, कारण तो उशिरा गावाहून आला होता. सासूबाईंनी भिशी उचलून सात हजार भरले. दीर मुंब्र्याला गेला. एका ताटात जेवणारे कुटुंब एका कागदावरून दोन ठिकाणी झाले.

"जंगल वाचायला पाहिजे, ते आम्हालाही कळते, टीचर," त्या म्हणाल्या. "पाऊस आला की डोंगर अंगावर येईल म्हणून आम्ही रात्र रात्र जागायचो. तिथे राहायची हौस कोणाला होती? पण आमच्याकडे कागद मागितला तसा सगळ्यांकडे मागितला का, एवढेच मला कधी कळले नाही."

त्यांच्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. पाणलोट क्षेत्रात झोपड्या असू नयेत, यावर आमचे मत ठाम आहे. संडास आणि मोऱ्यांचे पाणी शेवटी तलावात उतरते आणि तेच कोणाच्या तरी मुलाच्या ग्लासात येते. पण गरीब माणूस जंगलाच्या कडेला जातो तो शहरात त्याला जागा उरलेली नसते म्हणून. गणिताच्या सरांचा राहिलेला प्रश्न तो हाच. घरांची सोय शहराला शहराच्या आत करावी लागेल, रिकाम्या पडलेल्या गिरण्यांच्या जागी कोणासाठी किती मजले चढले याचा हिशेब मागून करावी लागेल. ती सोय नाही म्हणून जंगलाकडे बोट दाखवणे म्हणजे पाणी विकून घर घेणे.

दुसरी गोष्ट पाड्यांची. नॅशनल पार्कच्या आत नवापाडा, रावणपाडा असे वारली आणि इतर आदिवासींचे पाडे आहेत. पार्कच्या आधीपासून, काही तर तलावांच्याही आधीपासून त्यांची वस्ती या डोंगरात आहे. झाडाच्या कोणत्या सालीने ताप उतरतो आणि कोणता ओढा कधी आटतो हे त्यांना ठाऊक. आणि ज्या जंगलातून आठ लाख लोकांना नळाने पाणी जाते, त्याच जंगलातल्या अनेक पाड्यांना वर्षानुवर्षे नळ मिळाला नाही. बायका डोक्यावर हंडे घेऊन झऱ्यावर आणि विहिरीवर जात राहिल्या. राखीव क्षेत्रात पाइप टाकायला परवानगी लागते, ही अडचण सांगितली जाते. परवानगी लागायलाच हवी. पण त्याच जंगलाखालून आता गोरेगाव-मुलुंड रस्त्याचे ४.७ किलोमीटरचे जोडबोगदे जाणार आहेत आणि ठाणे-बोरिवलीचाही जोडबोगदा होणार आहे. आम्ही त्या बोगद्यांच्या विरोधात आहोत असे नाही. डोंगर कापून रस्ता नेण्यापेक्षा खालून नेलेला बरा, आणि उद्या आम्हीही त्याच रस्त्याने बसने जाऊ. एवढेच मनात येते की मोठ्या कळपाची परवानगी निघाली, तर चार मेंढ्यांची का अडावी? हुनैला मिळालेली ताकीद नेमकी उलट होती.

पाड्यांची गोष्ट फक्त मुंबईत नाही. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा आहेत. तानसाच्या भोवती अभयारण्य आहे, १९७० मध्ये जाहीर झालेले, आणि मुंबईच्या पाण्याची खरी भिस्त त्या भागावरच आहे. त्याच शहापूरच्या गावपाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर जातात. मोठमोठे पाइप दाराजवळून जातात आणि घरात कळशी रिकामी. आपल्या कोकणातल्या आणि ठाणे-भिवंडीकडच्या वाचकांनी हे डोळ्यांनी पाहिले असेल.

आता आपल्या घरातले. शाळेत मुलांना एक काम दिले होते: वुजू करताना नळाखाली बादली ठेवायची आणि किती पाणी जमले ते मापून वहीत लिहायचे. आमच्या घरीही केले. नळ सुरू ठेवून केलेल्या वुजूला साडेचार लिटरपासून सात लिटरपर्यंत पाणी गेले. सात लिटर आमच्या थोरल्या चिरंजीवांचे. ते मिस्वाक करतानाही नळ बंद करत नाहीत. प्रेषित (स.) यांचे वुजू एका मुद्द पाण्यात होत असे, म्हणजे आजच्या मापाने साधारण पाऊण लिटर. हजरत सअद (रजि.) यांना वुजूत पाणी जास्त वापरताना पाहून त्यांनी टोकले होते आणि वाहत्या नदीच्या काठी असलात तरी उधळपट्टी ती उधळपट्टीच, असे समजावले होते, हेही आपण खुतब्यांत ऐकतो. ऐकतो आणि बाहेर येऊन तोटी पूर्ण उघडतो. आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत विश्वस्तांनी दाबल्यावर थोडेच पाणी येणाऱ्या तोट्या बसवल्या. महिनाभर कुरकुर झाली, दोन तोट्या कोणीतरी मोडल्या, मग सवय झाली. मशिदीत एक वृद्ध चाचा आहेत, त्यांनी कधीच तोटी वापरली नाही. टोटीचा पितळी लोटा भरून घेतात, कोपऱ्यात बसतात आणि शांतपणे वुजू करतात. मुलांनी त्यांचा लोटा मापला. सव्वा लिटरचा निघाला, आणि त्यात तळाशी पाणी उरले होते.

त्या मुलीच्या आईचे बोलणे आणि पाड्यांची गोष्ट, दोन्ही आम्ही वर्गात सांगितली होती, नावे न घेता. सातवीच्या अभ्यासक्रमात औपचारिक पत्रलेखन आहे. दरवर्षी मुले काल्पनिक मुख्याध्यापकांना काल्पनिक रजेचा अर्ज लिहितात. यंदा खरे पत्र लिहिले. नॅशनल पार्कातल्या ज्या पाड्यांवर नळ नाही तिथे पाण्याची काय योजना आहे आणि ती कधी होणार, अशी विचारणा. मजकूर मुलांचाच, आम्ही फक्त ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. एका मुलाने शेवटी लिहिले होते की आम्ही तुमच्या जंगलाचे पाणी पितो म्हणून विचारत आहोत. 'तुमच्या' खोडून काय लिहावे यावर वर्गात पंधरा मिनिटे वाद झाला. 'आपल्या' लिहावे असे बहुतेकांचे मत पडले, चांदिवलीच्या मुलीचे 'त्यांच्या' असे होते, आणि बिबट्याविषयी विचारणाऱ्या मुलाने सगळेच खोडावे असे सुचवले. शेवटी 'त्या' लिहून पत्र टाकले. पोच आली आहे, उत्तर अजून आलेले नाही. आले की कळवू, इन्शाअल्लाह.